शिकायला आलेला पाहुणा

शास्त्रवाचन : लूक 10:25-37

आमचे नेपानगर हे कागदाच्या गिरणीचे गाव. 1956 साली पंडित नेहरूंच्या हस्ते ही गिरणी राष्ट्राला अर्पण झाली. पण गाव सोडून सातपुड्याच्या डोंगरात शिरले की कोरकू बांधवांच्या वस्त्या लागतात. तेथून रोग्याला डॉक्टरांपर्यंत नेणे आजही सोपे नाही.

मागे आमच्या मंडळीतील एका कुटुंबाला परदेशातून पत्र आले. नात्यातली एक मुलगी तिकडे डॉक्टरकी शिकते. शेवटच्या वर्षी काही आठवडे दुसऱ्या देशातील रुग्णालयात काढण्याची मुभा तिकडील पुष्कळ विद्यार्थ्यांना असते. "तुमच्या भागात येऊन गरिबांची सेवा करू का?" असे तिने विचारले होते. आम्हांस आनंद झाला. तेव्हा एक निवृत्त परिचारिकाबाई म्हणाल्या, "जे काम तिला तिच्या देशात अजून करू देत नाहीत, ते आपल्या गरिबांवर करू द्यायचे का?" आम्ही सारे गप्प झालो.

प्रश्न कठोर वाटला, तरी खरा आहे. जेथे डॉक्टर थोडे, तेथे विद्यार्थ्यालाच लोक डॉक्टर समजतात. टाके घालणे, बाळंतपण करणे अशी कामे पुरेशा देखरेखीविना त्याच्या हाती येऊ शकतात. दुसरा दवाखाना जवळ नसल्यामुळे रोगी नाही म्हणत नाही. विद्यार्थी परत गेल्यावर जखम चिघळली तर पाहणार कोण? शिवाय त्याला शिकविण्यात तेथल्या थकलेल्या डॉक्टरांचा वेळ जातो, तो वेगळाच. म्हणूनच 2010 साली अनेक देशांतील जाणकारांनी अशा प्रशिक्षणासाठी नीतीचे नियम प्रसिद्ध केले. पाहुण्याने तयारी करून यावे, आपल्या पात्रतेची मर्यादा ओळखावी व यजमानावर भार टाकू नये, असा त्यांचा रोख आहे.

आता शोमरोन्याकडे पाहू. त्याने जखमांना तेल व द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या. म्हणजे जे येत होते तेवढेच केले. पुढे त्याने रोग्याला उतारशाळेत नेले, त्याची काळजी घेतली आणि निघताना त्याला उतारशाळेच्या मालकाच्या स्वाधीन केले. खर्च स्वतः दिला, परत येण्याचे वचनही दिले. आपल्यामागे रोग्याचे काय होईल याचा विचार त्याच्या दयेत होता.

आपल्या महाराष्ट्रातही असा धडा आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि 1970 साली त्यांनी जामखेड येथे काम सुरू केले. गावांनी निवडलेल्या, बहुतेक निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे काम शिकविले. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे परदेशांतील वैद्यकीय विद्यार्थी जामखेडला येऊ लागले. तेथे गावातल्या त्या बायाच त्यांच्या गुरू झाल्या. गरिबाघरी शिकायला यायचे तर त्याच्या अंगणात शिष्य म्हणून बसावे लागते.

आम्ही त्या मुलीला लिहिले : "बाळ, अवश्य ये. पण आधी रुग्णालयाची व सरकारची रीतसर परवानगी घे. थोडी हिंदी शिकून ये. वरिष्ठ डॉक्टरांच्या नजरेखालीच काम कर. जे येत नाही, ते येत नाही असे सांगायला लाजू नकोस."

हा सल्ला आपल्यालाही लागू आहे. सेवेच्या उत्साहात आपणही कधी कधी दुबळ्याला आपल्या सरावाचे साधन करतो.

शब्बाथ शाळेत चर्चेसाठी प्रश्न :
1. शोमरोन्याने कोणते काम स्वतः केले व कोणते दुसऱ्याकडे सोपविले?
2. मदत घेणाऱ्याला "नको" म्हणता येत नसेल, तर मदत करणाऱ्याने काय जपावे?
3. आपल्या गावातील कोणत्या अशिक्षित व्यक्तीकडून आपण काही शिकलो?