खताव्यतिरिक्त लोडरचा उपयोग काय?

प्रश्न : माझ्याकडे ५० एचपीचा ट्रॅक्टर आहे. शेणखत भरायला पुढे लोडर बसवावा म्हणतो. एवढ्यासाठी खर्च परवडेल का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : नुसत्या खतासाठी घेतलात तर लोडर बरेच महिने उभाच राहील. उन्हाळ्यात तलावातला सुकलेला गाळ ट्रॉलीत भरणे, शेतरस्त्यावर मुरूम पसरवणे, कंपोस्टचा ढीग पलटणे ही कामे त्याच्याकडून करून घ्या. बकेटच्या जागी फोर्क लावल्यास मुरघासाच्या गाठी उचलता येतात. कडक जमीन मात्र खोदू नका. ते काम जेसीबीचे.

मुरूम घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरतो. बकेट भरली की भार पुढच्या चाकांवर येतो, मागची चाके हलकी होऊन पकड आणि ब्रेक दोन्ही कमी पडतात. म्हणून मागे वजन जोडा, पुढच्या टायरची हवा तपासा आणि चालताना बकेट गुडघ्याच्या वर नेऊ नका. बकेटमध्ये माणूस उभा करून आंबे-नारळ उतरवणे तर कटाक्षाने टाळा.

वर्षभर अशी कामे निघत असतील तरच लोडर घ्या. नाहीतर गरजेपुरते यंत्र भाड्याने आणणेच स्वस्त.