गाडीतल्या टेपावर पैसे घालण्याआधी

अर्धापूर



जुनी का होईना, वॅगनआर दारात आली हे वाचून बरं वाटलं. आता तिच्यातल्या टेपासाठी पंधरा हजार बाजूला काढलेत, आणि दुकानदारानं त्यात मोठा अँड्रॉइड स्क्रीन, मागच्या ट्रेवर दोन लांबट स्पीकर आणि डिकीत एक बास ट्यूब बसवून देतो म्हणून सांगितलंय, असं लिहितोस. मत विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो: या तिन्हींपैकी एकही वस्तू आज घेऊ नकोस. त्यांत दिसण्यासारखं बरंच आहे, ऐकण्यासारखं कमी. लहान गाडीतला आवाज यंत्राच्या कमकुवतपणामुळे जेवढा बिघडतो त्याहून जास्त तो दाराच्या पत्र्यात, दाराच्या भोकांत आणि रस्त्याच्या गोंगाटात वाया जातो. म्हणून पहिला पैसा पुढच्या दोन दारांवर, दुसरा त्या दारांतल्या दोन स्पीकरांवर, आणि उरलाच तर बाकीच्यावर, असा माझा क्रम आहे. तो का, ते नीट मांडतो. पटलं नाही तर उलट लिही.

आधी खोक्यावरच्या आकड्यांचा निकाल लावू. टेप चार हजारांचा असो की पंधरा हजारांचा, खोक्यावर बहुधा ‘४ × ५० वॅट’ छापलेलं असतं. हा पन्नास येतो कुठून? इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये फार तर १४.४ व्होल्ट मिळतात आणि गाडीतला स्पीकर साधारण ४ ओहमचा असतो. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, हे गणित शाळेत झालंय तुझं. १४.४ चा वर्ग २०७, त्याला ४ नं भागलं की ५२. म्हणजे बॅटरीच थेट स्पीकरला लावली तर जेवढी ताकद जाईल तेवढी त्यांनी खोक्यावर छापली. गाण्याच्या वर-खाली होणाऱ्या लहरीला त्यातली निम्मीच मिळते, २६ वॅट, आणि तीही कागदावर. आवाज फाटू न देता प्रत्यक्षात हातात पडतात ते पंधरा ते वीस. वेगळा अँप्लिफायर नसलेल्या जवळपास प्रत्येक टेपाला हीच मर्यादा आहे, कारण ती कंपनीनं नव्हे, बॅटरीनं घातलेली आहे. तेव्हा चाराच्या जागी पंधरा हजार मोजून वॅट वाढत नाहीत, काच मोठी होते. ‘१२०० वॅट’ लिहिलेल्या स्वस्त अँपचं खरं वजन त्याच्या फ्यूजवरून कळतं. फ्यूज २० अँपिअरचा असेल तर १४ व्होल्टनं गुणून तो २८० वॅटच ओढू शकतो. त्यातून उष्णतेचा वाटा वजा केला की स्पीकरांपर्यंत दीड-दोनशे, तेही चारही चॅनलमध्ये मिळून. प्रामाणिक कंपनी आरएमएस, म्हणजे सतत टिकणाऱ्या ताकदीचा, आकडा देते, आणि सीटीए-२००६ या मानकाचा उल्लेख करते. म्हणजे १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत विकृती, या अटींवर मोजलेला आकडा. असा उल्लेख नसेल तिथे खोक्यावरचा आकडा शोभेचा समजावा.

पण समजा, खरोखरच दुप्पट वॅट मिळाले. पदरात काय पडतं? ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट मोठा वाटायचा तर ताकद दहापट लागते. उलट्या बाजूनं बघ: ऐंशीच्या वेगानं जाणाऱ्या लहान गाडीच्या आत टायर, वारा आणि इंजिन मिळून सत्तर डेसिबलच्या आसपास गोंगाट असतो, आणि त्याचा बराच भाग खालच्या सुरांचा असतो. तबल्याचा डग्गा आणि भरदार आवाजाचा तळ नेमका तिथेच बुडतो. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला येईपर्यंत तू बटण फिरवत राहतोस ते याच्याचमुळे. हा गोंगाट दोन-तीन डेसिबलनं जरी उतरला, तरी अँपची ताकद दुप्पट केल्याचं काम होतं, शिवाय कान शिणत नाहीत. स्पीकर निवडतानाही हेच सूत्र लाव. त्याच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून डेसिबलमध्ये एक आकडा असतो. त्याच पद्धतीनं मोजलेला ८८ आणि ९१ यांतला फरक म्हणजे फुकटात दुप्पट झालेले वॅट. दुकानात कुणी तो विचारत नाही, म्हणून कुणी सांगतही नाही.

आता दार, कारण खरा खजिना तिथे आहे. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते; दोन्ही लहरी एकमेकींच्या उलट. वरच्या सुरांना याचा फारसा त्रास नाही. पण १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते. ती दाराच्या आतल्या पत्र्यातल्या मोठमोठ्या भोकांतून वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लहरीला खाऊन टाकते. कारखान्यातून त्या भोकांवर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला येतो, आणि जुन्या गाडीत काचेच्या कामासाठी कुणीतरी तो फाडलेलाच असतो. अशा दारात आठ हजारांचा स्पीकर बसवला तरी तळ लागत नाही, आणि माणूस म्हणतो, बास कमी आहे, ट्यूब घेऊ. पाइपलाइन ठिकठिकाणी फुटलेली असताना केळीला पाणी पुरत नाही म्हणून मोटरचा एचपी वाढवावा, तसलाच हा हिशेब. उपाय साधा आहे. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला ब्यूटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली डॅम्पिंग शीट चिकटवायची. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, मधला मोकळा भाग पाव-अर्धा झाकला तरी पत्र्याची थरथर बरीच बसते. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं ताठ काहीतरी लावून बंद करायची. स्पीकरखाली प्लायवूडची किंवा एमडीएफची रिंग घ्यायची आणि तिच्या कडेनं फोमची पट्टी, म्हणजे आवाज दाराच्या पोटात न जाता तुझ्याकडे येईल. एमडीएफ असेल तर रंगवून घे, पावसाळ्यात ते फुगतं. दाराच्या तळाची पाणी वाहून जायची छिद्रं मात्र चुकूनही बुजवू नकोस, नाहीतर दोन पावसाळ्यांत दार गंजेल. काच पूर्ण खाली करून तिच्यात आणि स्पीकरच्या मॅग्नेटमध्ये किती अंतर राहतं ते आधी मोजून घे.

इथे दुकानदार स्वस्तात तोड सुचवील: छपराच्या गळतीला लावतात ती डांबराची पट्टी. ती आपल्याकडे चालत नाही. नांदेड-लातूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. डांबर मऊ पडतं, वास सोडतं, आणि दाराच्या आत काच वर-खाली करणाऱ्या यंत्रावर ओघळतं. ब्यूटाइल महाग आहे, पण इथे बचत करायची नाही.

तुझा पहिला आक्षेप मला दिसतोय: मित्राच्या गाडीत बास ट्यूबनं छाती हादरते, ते दारं बंद करून येणार आहे का? नाही येणार. ८० हर्ट्झच्या खालचा धक्का हवा असेल तर वूफरच लागतो, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की तू ऐकतोस काय. प्रल्हाद शिंदे यांची भीमगीतं आणि भक्तिगीतं, कीर्तन, लावणी, हजूरसाहिबचं शबद-कीर्तन, किंवा मूळ नांदेडचे पंडित नाथराव नेरळकर यांचं गाणं, या सगळ्यांचा जीव शब्दात आणि गळ्यात आहे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ हर्ट्झला सुरू होतो आणि शब्द स्पष्ट करणारी व्यंजनं हजारांच्या घरात असतात. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेत असे, तरी संपूर्ण संसाराच्या गोष्टी त्यावर झाल्या. हा सगळा भाग पुढच्या दारांतले स्पीकर वाजवतात, डिकीतली ट्यूब नव्हे. मागच्या ट्रेवरचे लांबट स्पीकर तर गायकाला तुझ्या पाठीमागे नेऊन बसवतात. डीजेच्या गाण्यांसाठीच टेप हवा असेल तर माझं पत्र बाजूला ठेव. पण तुझी निवड मला माहीत आहे.

दुसरा आक्षेप स्क्रीनचा. नकाशा लागतो, मागचा कॅमेरा लागतो, हे खरं. पण नकाशा फोनवर दिसतो आणि फोनचा स्टँड काहीशे रुपयांत येतो. कॅमेऱ्यासाठी घ्यायचा तर घे, मात्र तो खर्च आवाजाच्या खात्यात मांडू नकोस. स्वस्त अँड्रॉइड पेट्यांचा रेडिओ पुष्कळदा कच्चा असतो, हेही लक्षात घे; मध्यम लहरींवरचं आकाशवाणीचं परभणी केंद्र तर अनेकांवर लागतच नाही. सध्याच्या टेपात ब्लूटूथ आणि यूएसबी असेल तर तो राहू दे. नसेल तर साध्या कंपनीचा साधा टेप घे, आणि त्यात हाय-पास फिल्टर व मागे प्रीआउटची भोकं आहेत का तेवढं बघ. फिल्टर ८० हर्ट्झला लावला की जे सूर दाराच्या स्पीकरला झेपत नाहीत ते त्याच्याकडे जातच नाहीत, आणि तेवढ्याच वॅटमध्ये तो मोकळा वाजतो. प्रीआउट पुढे कधी अँप घेशील तेव्हा उपयोगी पडतील.

‘मग एवढ्या पैशात अँप का नाही?’ असंही विचारशील. पंधरा हजारांत चांगला अँप आणि चांगले स्पीकर दोन्ही बसत नाहीत, आणि वाईट अँप हा सगळ्यांत महाग सौदा आहे. त्याच्याबरोबर बॅटरीपासून जाड वायर आली, आणि त्या वायरीला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो नसेल तर घासलेली वायर गाडी पेटवू शकते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या नावानं खपवतात, आणि ॲल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहतं. हे सगळं नीट करायला जमेल त्या वर्षी कर. अँप जुना घेतला तरी चालतो, स्पीकर मात्र जुने घेऊ नयेत; त्यांच्या कडेचं रबर आणि कॉइल यांची हालत बाहेरून कळत नाही.

पंधरा हजारांची माझी वाटणी अशी: पुढच्या जोडीला पाच-सहा हजार, वेगळ्या ट्विटरची कंपोनंट जोडी मिळाली तर तीच, डॅम्पिंग आणि रिंगांना साडेतीन-चार, कपलर आणि मजुरीला दोनेक हजार, बाकी खिशात. कारखान्याची वायर कापू देऊ नकोस, दहा रुपयांची चिकटपट्टी आणि तासाभराची घाई यांच्यापायी पुढं वायरिंगचे रोग लागतात. कपलर मिळतात, ते वापरायला लाव. जोडताना प्लस-मायनसची खात्री कर: दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की पडदा बाहेर यायला हवा. एका दाराची वायर उलटी झाली तर दोन्ही दारं एकमेकांचा तळ मारतात, आणि लोक वर्षानुवर्षं ‘कंपनीत दम नाही’ म्हणत फिरतात.

एक पैसाही न घालता करायचं तेही आहे, आणि ते आजच कर. ‘बास बूस्ट’, ‘लाउडनेस’ असलं सगळं बंद कर. फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरांतली वाटणी, पुढे आण. गाण्यांच्या ॲपमध्ये मोबाइल डेटा वाचवायला गुणवत्ता खाली ठेवलेली असते, ती वर कर. आवडीची गाणी पेन ड्राइव्हमध्ये ३२० केबीपीएसवर ठेव. कदाचित तेवढ्यानंच निम्मी तक्रार मिटेल, आणि मिटली तर स्पीकरही बदलू नकोस, नुसती दारं कर. कारखान्याचे कागदी पडद्याचे स्पीकर दिसायला गरीब असतात, वाजायला नेहमीच तसे नसतात.

आवाज मोठा करण्यालाही सीमा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचा टापू शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तुझ्या वाटेवर विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, विद्यापीठही तिथेच. तुझ्या कानाचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास एवढीच मुभा देते, आणि आवाज वाढेल तशी ती झपाट्यानं घटते. बंद दारांच्या शांत गाडीत कमी आवाजातच गाणं भरून येतं, हा माझ्या बाजूचा आणखी एक मुद्दा.

तेव्हा दुकानदाराला अजून इसार दिला नसशील तर देऊ नकोस. पुढच्या सुट्टीत गाडी घेऊन इकडे ये, दाराचं प्लास्टिक उघडून आत काय आहे ते दोघं मिळून बघू, आणि मगच यादी करू. येताना काचेपासूनचं ते अंतर मोजून आण.

तुझा मामा