मूळ करारनामा सापडत नाही, फ्लॅट विकायचा कसा?

प्रश्न : डोंबिवली पूर्वेला आमचा वन रूम किचनचा फ्लॅट आहे. इमारत १९७९ सालची. वडिलांनी तो १९८८ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतला. ते राज्य सरकारच्या नोकरीत होते. २०१९ मध्ये ते गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव आहे. आईला आता तीन जिने चढवत नाहीत, म्हणून तिला पुण्याला माझ्याकडे आणायचं आहे. बहीण नाशिकला असते. आजी-आजोबा हयात नाहीत. फ्लॅट विकायला काढला तेव्हा लक्षात आलं, की वडिलांचा मूळ करारनामा घरात कुठेच नाही. बिल्डर आणि पहिला मालक यांच्यातला करारनामाही नाही. वडिलांच्या करारनाम्याच्या पहिल्या दोन पानांची आणि शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स तेवढी आहे. ग्राहक कर्ज काढून घेणार आहे आणि त्याची बँक आधीच्या सगळ्या करारनाम्यांची चेन मागते. एजंट म्हणतो, हरवल्याचं ॲफिडेव्हिट करून टाका. नाहीतर जुन्या स्टॅम्प पेपरवर करारनामा ‘तयार’ करून देतो, नाहीतर आठ लाख कमी घ्या, रोखीचा ग्राहक आणतो. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा फ्लॅट विकता येईल आणि पूर्ण भावात विकता येईल. दोन-तीन महिने जातील, थोडा खर्चही येईल. पण एजंटने दाखवलेल्या तिन्ही वाटा सोडून द्या. जुन्या स्टॅम्प पेपरची वाट तर फौजदारी गुन्ह्याची आहे. वारलेल्या माणसाच्या सहीचा दस्त आज तयार करणं म्हणजे बनावट दस्तऐवज करणं. शिवाय खऱ्या कराराची नोंद निबंधकांकडे असली, तर बँकेच्या वकिलाच्या पहिल्याच शोधात हे उघडं पडेल. तेव्हा एजंट कुठे नसेल, सही करणारे तुम्ही असाल. असल्या माणसाच्या हातात व्यवहार ठेवू नका.

बँक कशाला घाबरते, ते आधी समजून घ्या. कागद हरवला असेल तर तिला फारशी चिंता नाही. तो हरवलेला नसून कोणाच्या तरी तिजोरीत असेल, ही तिची खरी धास्ती आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५८ प्रमाणे मालकीचे मूळ कागद नुसते सावकाराच्या ताब्यात देऊनही गहाण पुरं होतं. त्यासाठी नोंदणीकृत गहाणखत लागतंच असं नाही. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना निबंधकांकडे देणं २०१३ पासून बंधनकारक झालं. त्याआधीचं असं गहाण निबंधकांच्या सूचीत दिसेलच, याची खात्री नसते. म्हणून ‘कागद सापडत नाही’ म्हटल्याबरोबर समोरच्याच्या मनात कर्जाचा संशय येतो. ॲफिडेव्हिट ही तुमचीच साक्ष आहे, तेवढ्याने तो संशय जात नाही. कागद कुठे कुठे शोधला आणि तिथून काय उत्तर आलं, याचा लेखी पुरावा दाखवला की जातो.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. वडील राज्य सरकारच्या नोकरीत होते. त्या काळी सरकारी कर्मचारी घर घ्यायचे ते बहुतेक वेळा घरबांधणी अग्रिमातून. त्यासाठी राज्यपालांच्या नावे गहाणखत करून द्यावं लागे आणि मूळ कागद कार्यालयात जमा असत. अग्रिम पगारातून फिटून जाई, माणूस निवृत्त होई आणि कागद तिथल्याच कपाटात राहून जात. तेव्हा पहिलं काम हे करा : वडील शेवटी ज्या कार्यालयात होते तिथे आणि १९८८ साली जिथे होते तिथेही, दोन्हीकडे लेखी अर्ज द्या. पूर्ण नाव, हुद्दा, निवृत्तीचं वर्ष लिहा. सेवापुस्तकातली अग्रिमाची नोंद, वसुली पूर्ण झाल्याचा दाखला आणि मूळ कागद अशा तिन्ही गोष्टी मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अग्रिम घेतलं असेल आणि गहाण सोडवल्याचा लेख झालेला नसेल, तर विक्रीआधी तो करून घ्यावा लागेल.

अग्रिमाऐवजी बँकेचं किंवा गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल, तर वडिलांच्या जुन्या पासबुकात हप्त्यांच्या नोंदी दिसतील. त्या संस्थेला तसाच अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या आदेशानुसार कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना आहे, त्यामुळे जुन्या कर्जासाठी भरपाई मिळणार नाही. पण ‘आमच्याकडे कागद नाहीत, कर्जाची बाकी नाही’ एवढं पत्र मिळालं, तरी तुमचं मोठं काम होईल.

आता दुसरं ठिकाण, दुय्यम निबंधक कार्यालय. तुमच्याकडची ती दोन पानांची झेरॉक्स उजेडात धरून नीट बघा. नोंदणीसाठी दस्त सादर झाला की त्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण यांचा शेरा मारतात. जवळच दस्ताचा अनुक्रमांक आणि साल असतं, फीचे आकडे असतात, खाली दुय्यम निबंधकांची सही आणि गोल शिक्का. झेरॉक्सवर हे पुसट उमटलं असेल, पण क्रमांकातले दोन-तीन आकडे वाचता आले तरी शोध सोपा होतो. क्रमांक नाहीच मिळाला तर कल्याणच्या कार्यालयात १९८८ आणि त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षाची सूची क्रमांक २, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती, तपासून घ्या. तीत घेणाऱ्या-देणाऱ्याची नावं, मिळकतीचं वर्णन, मोबदला आणि दस्त क्रमांक असतो. त्या वर्षांच्या सगळ्या नोंदी संकेतस्थळावर मिळतील या भरवशावर राहू नका. रोज हेच काम करणारा सर्च क्लार्क वकिलामार्फत नेमा आणि त्याच फेरीत १९७९ चा बिल्डरचा करारही शोधायला सांगा.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. संगणकीकरणाच्या आधी नोंदणीला दिलेला दस्त त्याच दिवशी परत मिळत नसे. त्याची छायाप्रत काढण्यासाठी तो पुण्याला जाई आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी परत येई. तोवर मालकाच्या हाती फक्त पावती. पुष्कळ लोक दस्त आणायला पुन्हा गेलेच नाहीत. तुमच्या वडिलांचंही तसं झालेलं असू शकतं. त्यामुळे घरातल्या फायलींमध्ये करारनाम्याबरोबर ती छोटी पावतीही शोधा आणि निबंधक कार्यालयात ‘न नेलेल्या दस्तां’ची चौकशी करा. दोन वर्षांहून अधिक काळ कोणी नेले नाहीत असे दस्त नष्ट करण्याची मुभा कायद्यात आहे, म्हणून फार आशा धरू नका. विचारायला मात्र काहीच जात नाही.

मूळ दस्त मिळाला नाही तरी नोंद सापडली की निम्मी लढाई जिंकलीत. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे फी भरून कोणालाही नोंदलेल्या विक्री दस्ताची प्रमाणित प्रत मिळते आणि मूळ दस्तात काय लिहिलं होतं हे सिद्ध करायला ती प्रत पुरावा म्हणून चालते. वडिलांच्या करारनाम्याच्या दोन प्रमाणित प्रती घ्या. एक व्यवहारासाठी, एक घरी.

करार नोंदलेलाच नसेल, तर वाट लांबते. १९७९ च्या कराराबाबत ही शक्यता मोठी आहे, कारण त्या काळी कित्येक करार किरकोळ रकमेच्या स्टॅम्पवर आणि नोंदणीशिवाय झाले. मुद्रांकाची भीती घालून कोणी पैसे मागितले तर लक्षात ठेवा, ताबा दिलेल्या करारनाम्यावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागू झालं ते १० डिसेंबर १९८५ पासून. त्याआधीच्या कराराला आजचा हिशेब लावता येत नाही. १९८८ चा करार त्या तारखेनंतरचा असल्यामुळे त्याचं शुल्क मात्र तपासावं लागेल. तोही नोंदलेला नसेल, तर तेव्हाच्या विक्रेत्याला किंवा त्याच्या वारसांना गाठून व्यवहार मान्य असल्याचा पुष्टीलेख नोंदवून घेणं हाच भक्कम उपाय आहे.

तिसरं ठिकाण सोसायटी. वडिलांना १९८८ मध्ये सभासद करून घेताना त्यांच्याकडून अर्ज आणि बहुधा करारनाम्याची प्रत घेतलेली असेल. सेक्रेटरींना विनंती करून सभासदाची जुनी फाईल, आय नमुन्यातली सभासद नोंदवही आणि त्या वेळचा समितीचा ठराव पाहा. फ्लॅटवर कोणा बँकेचा बोजा नोंदला आहे का, तेही बघा आणि नसल्याचं पत्र घ्या. मूळ शेअर सर्टिफिकेट सापडत नसेल, तर अर्ज, नुकसानभरपाईचं बंधपत्र आणि पोलिसांकडची गहाळ नोंद यांवर समिती ठराव करून दुसरी प्रत देते. यासाठी ‘देणगी’ मागितली तर देऊ नका. वारसाच्या नावे हस्तांतर करताना सोसायटीला प्रीमियम घेता येत नाही. पुढे ग्राहकाच्या नावे करताना घेता येतो, पण २५,००० रुपयांच्या वर नाही. आणि नवं सर्टिफिकेट हाती आलं की ते लॅमिनेट करू नका. हस्तांतराच्या नोंदी त्याच्या मागच्या बाजूला करायच्या असतात.

एवढं सगळं शोधून झाल्यावर पोलिसांकडे जा. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. कार्यालयात किंवा बँकेत चौकशी न करताच ‘प्रवासात हरवला’ असं लिहून दिलंत आणि उद्या तो कागद एखाद्या कपाटात निघाला, तर तुमचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरेल. तक्रारीत खरं तेच लिहा : वडिलांच्या निधनानंतर कागद सापडले नाहीत, अमुक ठिकाणी शोध घेतला, ही त्यांची उत्तरं. मग वकिलामार्फत एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. हरकतीसाठी साधारणपणे १४ किंवा १५ दिवसांची मुदत देतात. मुदत संपल्यावर हरकत आली नसल्याचा दाखला वकील देईल. सोबत ३० वर्षांचा शोध अहवाल आणि सरसाई या केंद्रीय नोंदवहीत या फ्लॅटवर कोणतंही तारण नसल्याचा शोध जोडा. हा संच घेऊन ग्राहकाच्या बँकेच्या वकिलाला आधीच भेटा. प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं असतं. एकीने नाही म्हटलं, तर ग्राहकाला दुसरीकडे अर्ज करायला सांगा.

या काळात ग्राहकापासून काही लपवू नका. मालकीतला दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, हे कायद्याचंच बंधन आहे. विसार घेणार असाल तर विसार पावतीत लिहा, की मूळ करारनामे उपलब्ध नाहीत, प्रमाणित प्रती देऊ, आणि त्या कारणाने बँकेने कर्ज नाकारलं तर विसार अमुक दिवसांत परत करू. नेमक्या या कलमामुळे पुढची भांडणं टळतात. शक्य असेल तर विसारच थांबवा. कागदांचा संच हाती आल्यावर भावाची बोलणी तुम्ही बरोबरीने करू शकाल. आठ लाख सोडायची वेळच येणार नाही.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तो न सांगता हे उत्तर पुरं करणं मला योग्य वाटत नाही. तुम्ही नॉमिनी आहात, एकटे मालक नाही. नामांकनामुळे सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा तेवढं ठरतं, मालकी वारसा कायद्याने ठरते. २०१९ मध्ये सहकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीतही वारसहक्काने सभासद ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासदच म्हटलं आहे. मृत्युपत्र नाही, त्यामुळे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, बहीण आणि तुम्ही असे तिघे समान वाटेकरी आहात. विक्रीच्या करारावर तिघांच्याही सह्या हव्यात. ‘आईकडून आणि ताईकडून हक्कसोड करून घ्या, म्हणजे सोपं होईल’ असं कोणीतरी सांगेलच. त्याची गरज नाही. बहिणीला यायला जमत नसेल तर ती तुमच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र देऊ शकते.

आईच्या बाबतीत मी आग्रहाने सांगेन. आयुष्यभर ज्या घरात राहिली ते घर ती सोडते आहे आणि यापुढे मुलाच्या घरी राहणार आहे. तुम्ही तिला प्रेमानेच नेत आहात, यात मला शंका नाही. तरीही तिचा तिसरा हिस्सा तिच्या हाती असू द्या. ग्राहकाकडून तीन वेगळे धनादेश घ्या आणि आईचा धनादेश तिच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात भरा.