गरम पाण्यात उतरताना, आणि बाहेर पडताना



थंडीचे दिवस आले की तिबेर्या, हमत गदेर येथल्या गरम पाण्याच्या सहली निघतात आणि मला हमखास विचारले जाते, "सिस्टर, मला बी.पी. आहे. पाण्यात उतरू का?" यंदा याचे उत्तर एका दूरच्या गावी जे पाहिले त्यावरून देते.

गेल्या जूनमध्ये लेक, जावई आणि माझे ८१ वर्षांचे दीर यांच्याबरोबर मी आइसलँडला गेले होते. तिथे उत्तर किनाऱ्यावर होफ्सोस नावाचे खेडे आहे. राजधानी रेक्याविकपासून मोटारीने तीनशे किलोमीटरहून जास्त. वस्ती दोनशेच्या आत. २०१० साली दोन स्त्रियांनी या गावाला पोहण्याचा तलाव भेट दिला. तलाव खाडीच्या अगदी काठावर आहे. पाण्यात उभे राहिले की तलाव कुठे संपतो आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळत नाही. बाहेर बोचरा वारा, आणि अंगाभोवती छान ऊन पाणी.

हे पाणी तेल जाळून तापवलेले नसते. त्या देशाच्या पोटात तापलेला खडक फार खोल नाही. बोअर मारून गरम पाणी वर काढतात. देशातली दहापैकी नऊ घरे जमिनीतल्या याच उष्णतेवर उबदार राहतात, म्हणून लहान गावालाही तलाव परवडतो. आत जाण्यापूर्वी पोहण्याचा पोशाख न घालता साबणाने स्वच्छ अंघोळ करावीच लागते. त्यामुळे पाण्यात क्लोरिन कमी घालून भागते.

आता आपल्या सांध्यांविषयी. मानेपर्यंत पाण्यात उभे राहिले, तर शरीराचा बहुतेक भार पाणी उचलते. जिना चढताना कुरकुरणारे गुडघे पाण्यात सहज चालतात. उबेने आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणे काही तास कमी होते. संधिवात मात्र यामुळे बरा होत नाही.

धोका असतो तो बाहेर पडताना. उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. पाण्यात असेपर्यंत पाण्याचा दाब पायांतले रक्त वर ढकलत असतो. आपण झटकन उभे राहिलो की तो आधार जातो, रक्त पायांत उतरते आणि मेंदूला कमी पडते.

तिथे मोठ्या तलावाशेजारी बसायचा जास्त गरम हौद असतो. असे हौद साधारण ३७ ते ४२ अंशांचे असतात. भाऊजी बी.पी.ची आणि प्रोस्टेटची, अशा दोन्ही गोळ्या घेतात. गप्पांत वीस मिनिटे गेली आणि ते एकदम उठले. "वहिनी, डोळ्यांपुढे अंधारी आली," एवढेच म्हणाले. मी दंड धरला. "भाऊजी, पुढे पाऊल टाकू नका. इथेच पायरीवर बसा." जावयाने पलीकडून धरले. काठावर आडवे करून पाय उंच ठेवले, अंगावर टॉवेल टाकला. पाच मिनिटांत रंग परत आला, मग घोट घोट पाणी दिले. त्या ओल्या फरशीवर ते पडले असते, तर खुब्याचे हाड मोडले असते. आपल्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे मी वॉर्डात खूप पाहिले आहे.

म्हणून हे लक्षात ठेवा :

१. पाणी ३७–३८ अंशांपर्यंतच ठेवा. तापमान लिहिलेले नसेल तर विचारा. चाळिशीपुढचा हौद तरुणांना सोडा.

२. दहा मिनिटे पुरे. घड्याळाकडे लक्ष ठेवायला कोणाला तरी सांगा. एकटे कधीच उतरू नका.

३. आधी व नंतर पाणी प्या. भरल्या पोटी जाऊ नका, दारू नको.

४. निघताना आधी वरच्या पायरीवर दोन मिनिटे बसा, पाय हलवा, मग कठडा धरून उठा. चष्मा काढलेला असतो, पायरी नीट दिसत नाही.

५. मधुमेह असेल तर पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नका, पायाला चटका कळत नाही. इन्सुलिन घेतल्यावर लगेच गरम पाण्यात जाऊ नका. उष्णतेने ते लवकर भिनते व साखर एकदम उतरू शकते.

६. अंगावर औषधाची पट्टी, म्हणजे पॅच, लावत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. उष्णतेने त्यातले औषध जास्त वेगाने शरीरात जाते.

७. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, थोड्या श्रमाने छातीत दुखत असेल, ताप किंवा उघडी जखम असेल, तर उतरूच नका.

आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या कुंडात आजी-आजोबांचा हात धरून स्नान केले असेल. उन्हेरे काय, तिबेर्या काय, होफ्सोस काय, पाणी शरीरावर एकाच रीतीने काम करते. सहलीचे नाव नोंदवण्याआधी आपल्या गोळ्यांची यादी घेऊन कुपत होलीमच्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "यातली कोणती गोळी रक्तदाब खाली आणते?" उत्तर कागदावर लिहून आणा आणि सोबत येणाऱ्या माणसालाही दाखवा.