समुद्रकाठच्या घराची परसबाग : वारा, पुळण आणि विहिरीचे पाणी

कोकण किनारपट्टीत घराभोवती थोडीफार मोकळी जागा बहुतेकांकडे असते. पुढे अंगण, मागे विहीर, मोरीपाशी केळ व अळू आणि कडेला माड-पोफळी ही येथील घराची ओळख आहे. सकाळ-संध्याकाळचा तासभर परसात घालविणे हा अनेक बंधू-भगिनींचा आवडीचा छंद आहे. तो घरखर्चालाही हातभार लावतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बाजारची भाजी महाग होते, तेव्हा परसातल्या कारल्या-पडवळाचे मोल कळते.

परंतु घाटावरील परसबागेची पद्धत समुद्रकाठी जशीच्या तशी चालत नाही. येथे खारा वारा, पुळणीची जमीन आणि विहिरीचे पाणी या तीन गोष्टींचा आधी विचार करावा लागतो. त्यांपैकी पाण्यातील चूक सर्वांत महाग पडते. भाजी बिघडली तर एक हंगाम जातो, पण विहीर खारी झाली तर घराचे पिण्याचे पाणीच जाते.

वाऱ्याला आडोसा

समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक तुषार येतात. ते पानांवर बसल्याने पानांच्या कडा करपतात. यासाठी पश्चिमेकडून आडोसा करावा. मात्र तो भिंतीसारखा भरीव नसावा. भरीव गडग्यावरून उसळलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो आणि रोपे मोडतो. निम्मा वारा अडवून निम्मा जाऊ देणारे जिवंत कुंपण उत्तम. अशा कुंपणाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी होतो. बाहेरच्या ओळीत सुरू, उंडी किंवा भेंड लावावी. ही झाडे वाढेपर्यंत झावळ्यांचा आडोसा पुरतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्या वेळी श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागांतील माड-पोफळीच्या बागांचे मोठे नुकसान झाले. बाग मोडली की परसाचा आडोसा आणि सावली दोन्ही जातात. म्हणून नवीन माड लावताना बाहेरची कुंपणाची ओळही त्याच वर्षी लावावी.

पुळणीची सुधारणा

पुळणीत पाणी व खत दोन्ही टिकत नाहीत. ती सुधारण्याचे साहित्य घरातच असते. वाफ्याच्या जागी सुमारे ४५ सें.मी. खोल चर काढून त्यात नारळाची सोडणे पोकळ बाजू वर करून रचावीत व वर माती ओढावी. सोडणे पाणी धरून ठेवतात व कुजताना पालाशही देतात. खाडीच्या पाण्यात भिजविलेल्या सोडणाचा भुसा वापरायचा असल्यास तो गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन घ्यावा.

दर गुंठ्यास २०० ते २५० किलो चांगले कुजलेले शेणखत द्यावे. युरिया द्यायचा झाल्यास एकदम न देता तीन-चार हप्त्यांत द्यावा, अन्यथा तो पाण्याबरोबर खाली निघून जातो. मासळीच्या खतात ४ ते १० टक्के नत्र आणि ३ ते ९ टक्के स्फुरद असते. मासळी साफ करून उरलेली डोकी, खवले, आतडी माडाच्या आळ्यात बुंध्यापासून दूर, फूटभर खोल पुरावीत. खारवलेल्या मासळीची घाण मात्र बागेत घालू नये.

विहीर खारी का होते?

किनाऱ्याजवळ जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर उंच असेल तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटर गोड्या पाण्याचा थर राहू शकतो. याचाच अर्थ, उपसा करून पातळी अर्धा मीटर उतरली आणि तशीच राहिली तर खारे पाणी कालांतराने २० मीटर वर सरकू शकते. रहाटाने पाणी थोडे थोडे निघत असे. पंपाने ते एका तासात निघते. एप्रिल-मे महिन्यांत हा धोका सर्वांत जास्त असतो.

त्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) पंप सलग न चालविता थोडा थोडा वेळ चालवावा व विहीर भरू द्यावी.

२) उन्हाळ्यात भाजीचे क्षेत्र कमी करावे. दोन गुंठ्यांना रोज ५ मि.मी. पाणी म्हणजे सुमारे १,००० लिटर लागते, तर अर्ध्या गुंठ्यास २५० लिटर. पाच माणसांच्या घरात आंघोळ व भांड्यांचे २०० लिटर पाणी सहज निघते. ते केळ, अळू व शेवग्याला द्यावे. कपडे धुण्याचे साबणाचे पाणी भाजीला देऊ नये.

३) वाफ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. मचूळ पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी द्यावे.

४) छपराचे पाणी गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे. १०० चौ.मी. छपरावर २,५०० मि.मी. पाऊस पडल्यास २,५०,००० लिटर पाणी पडते.

५) दरवर्षी मे महिन्यात पाण्याची तपासणी करावी. विद्युत वाहकता ०.७ डेसिसायमनपेक्षा कमी असल्यास पाणी सर्व भाज्यांना चालते. ०.७ ते ३ असल्यास पिके निवडून घ्यावीत. ३ पेक्षा जास्त असल्यास ते पाणी भाजीला वापरू नये.

पिके व हंगाम

कोकणातील भरपूर पाऊस पुळणीतले मीठ धुऊन नेतो, म्हणून पाऊस संपताच जमीन सर्वांत गोड असते. त्याचा फायदा घ्यावा.

पावसाळा : जूनच्या सुरुवातीस मांडवावर कारली (कोकण तारा), पडवळ (कोकण श्वेता), दोडका, काकडी, गादीवाफ्यावर भेंडी.

हिवाळा : फरसबी, मुळा, गाजर व कांदा यांना खारेपणा अजिबात सोसत नाही. त्यांची लागवड ऑक्टोबरमध्येच उरकावी. मिरचीलाही तो फारसा मानवत नाही. टोमॅटो व पालक मध्यम, तर बीट चांगले सोसते.

उन्हाळा : पाणी मचूळ होऊ लागल्यास फक्त चवळी घ्यावी आणि बाकीचे वाफे आच्छादून विश्रांतीला ठेवावेत.

परसबाग किती मोठी असावी हे जागेवर नव्हे, तर मे महिन्यात विहिरीत किती पाणी उरते यावर ठरवावे. एवढे पथ्य पाळल्यास ताटात भाजी येईल आणि रांजणातले पाणीही गोड राहील.