आजार घराने दिलेला नसतो, पण घर त्याला सावरू शकते



स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार बहुधा ऐन तारुण्यात डोके वर काढतो. कॉलेजात जाणारा मुलगा मित्रांना टाळू लागतो, कानात आवाज येतात म्हणतो, घरच्यांवरही संशय घेतो. अशा घरी आम्ही भेटीस जातो तेव्हा आईवडील हळूच विचारतात, "फादर, आमचं काही चुकलं का?"

एके काळी तज्ज्ञांनीही या प्रश्नाला 'होय' असेच उत्तर दिले होते. १९४८ साली अमेरिकेतील मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी या आजाराचा संबंध आईच्या वागण्याशी जोडला. पुढे कित्येक वर्षे असंख्य मातांनी हा दोष मुकाट्याने वाहिला. आज तो विचार टिकलेला नाही. आनुवंशिकता, मेंदूची जडणघडण आणि जीवनातील ताण अशा अनेक गोष्टी मिळून हा आजार होतो. एकट्या आईच्या किंवा वडिलांच्या वागण्याने तो होत नाही.

मग घराचा काहीच संबंध नाही का? येथे एक भेद नीट समजून घेऊ या. एखादी गोष्ट कशामुळे सुरू झाली हा एक प्रश्न आणि ती पुढे कशी चालेल हा दुसरा. दमा धुरामुळे झाला नसेल, तरी धुराच्या खोलीत दमेकऱ्याला त्रास होतोच.

लंडनमधील शोध

१९५० च्या दशकात नवी औषधे आली आणि मनोरुग्णालयांतून बरेच रुग्ण घरी परतू लागले. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांना लंडनमध्ये एक अनपेक्षित गोष्ट आढळली. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या पुरुषांपेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची प्रकृती अधिक चांगली राहत होती. असे का व्हावे? संशोधकांनी नातेवाइकांशी दीर्घ मुलाखती केल्या. ते काय बोलतात याबरोबरच कोणत्या स्वरात बोलतात, याचीही नोंद घेतली. तीन गोष्टी घातक ठरल्या: सततची टीका, तिरस्कार आणि अतिकाळजी.

१९७२ व १९७६ च्या अभ्यासांतील १२८ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा असे दिसले की जेथे या गोष्टी जास्त होत्या त्या घरांत नऊ महिन्यांत ५१ टक्के रुग्णांचा आजार उलटला. इतर घरांत हे प्रमाण १३ टक्के होते.

टीका कशावर होते?

आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. भास होणे, संशय घेणे यांवर घरचे फारसे रागावत नाहीत, कारण तो आजार आहे हे कळते. बहुतेक टीका होते ती उशिरापर्यंत झोपणे, अंघोळ न करणे, कामधंदा न शोधणे, तोंड मिटून बसणे यांवर. "आळशी आहे, मुद्दाम करतो," असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात उत्साह मावळणे हेही त्याच आजाराचे लक्षण असते. ताप आलेल्याला आपण 'अंग गरम का केलेस?' असे विचारत नाही.

अतिकाळजीचेही तसेच आहे. पंचवीस वर्षांच्या मुलाला आई घास भरवते, एकटे बाहेर सोडत नाही. माया खरी असते, पण त्याचा उरलासुरला आत्मविश्वासही त्यामुळे जातो.

वागणे बदलता येते

१९८२ साली ज्युलियन लेफ व सहकाऱ्यांनी लंडनमध्ये अशा २४ कुटुंबांवर प्रयोग केला. औषधे सर्वच रुग्णांना चालू होती. निम्म्या कुटुंबांना त्यासोबत आजाराची माहिती, इतर कुटुंबांशी भेटी व घरी येऊन मार्गदर्शन दिले. नऊ महिन्यांत केवळ औषधांवर असलेल्यांपैकी निम्म्यांचा आजार उलटला. मार्गदर्शन मिळालेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. औषध हवेच, पण औषधाच्या जोडीला घरही शिकले पाहिजे, हा त्याचा अर्थ.

आपल्या देशातील अनुभव आशादायक आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या अभ्यासात तीव्र टीका वा अतिगुंतवणूक असलेले नातेवाईक सुमारे एक-चतुर्थांशच निघाले, लंडनपेक्षा बरेच कमी. तामिळनाडू, गोवा व सातारा येथे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन रुग्ण व कुटुंबांना मदत केली. दवाखान्यातील उपचारांना ही जोड मिळाल्यावर रुग्णांची लक्षणे व परावलंबन काही प्रमाणात अधिक कमी झाले, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

घरी काय करावे?

- गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. प्रार्थना जरूर करावी, पण ती औषधाच्या जागी नव्हे.
- माणसावर नको, कृतीवर बोलावे. "तू निरुपयोगी आहेस" याऐवजी "आज ताट उचलून ठेवशील का?" असे म्हणावे आणि ठेवल्यास शाबासकी द्यावी.
- दिवसातील काही वेळ एकमेकांपासून मोकळा ठेवावा. आईनेही शेजारी, मंडळात, मिस्साला जावे.
- आजार लपवू नये. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. त्यावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरात दिवसभरात टीकेचे शब्द अधिक असतात की कौतुकाचे?
२. आपण ज्याला आळशी म्हणतो, त्याची शेवटची विचारपूस कधी केली?
३. आपल्या आळीतील अशा एखाद्या घरी या आठवड्यात कोण जाऊन बसेल?