मुशीचे संरक्षण : किनाऱ्यावरील गावांचे कर्तव्य

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेस थळ हे कोळ्यांचे जुने गाव वसले आहे. गावासमोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही बेटे दिसतात. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ साली खांदेरीवर तटबंदी उभारण्यास प्रारंभ केला आणि इंग्रजांच्या आरमाराने अडथळा आणूनही ते काम तडीस नेले. या पाण्याचे मोल त्या काळीही जाणत्यांनी ओळखले होते. आज याच पाण्यावर थळ आणि आसपासच्या गावांतील कोळी कुटुंबांचा चरितार्थ चालतो. बोंबील, कोळंबी, जवळा, मांदेली यांच्याबरोबर जाळ्यात मुशीही येते. लहान मुशीला बाजारात मोरी असेही म्हणतात. पुष्कळदा टोपलीत वीतभरही न भरणारी मुशीची पिल्ले असतात, तर कधी मादीचे पोट चिरल्यावर आत पूर्ण वाढलेली पिल्ले आढळतात. रोजच्या व्यवहारात या दृश्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मुशीच्या भवितव्याचा प्रश्न मात्र याच दृश्यात साठवलेला आहे.

मुशीची जीवनरीत

मुशी हा मासा असला, तरी त्याची जीवनरीत इतर माशांहून फार निराळी आहे. त्याच्या अंगात हाडे नसतात. सांगाडा कूर्चेचा असतो. इतर बहुसंख्य माशांप्रमाणे त्याला वाताशय नसतो. तेलाने भरलेले मोठे यकृत त्याला पाण्यात तरंगण्यास साहाय्य करते. पृथ्वीवर मुशीचे पूर्वज सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीपासून नांदत आहेत.

सर्वांत महत्त्वाचा भेद प्रजननाचा आहे. बांगडा किंवा पापलेट यांची मादी हजारो, क्वचित लाखो अंडी पाण्यात सोडते. त्यांतील बहुतेक नष्ट झाली, तरी उरलेल्यांतून जातीचा वंश चालतो. मुशीच्या बहुतेक जाती मात्र पिल्लांना जन्म देतात आणि त्यांची संख्या थोडी असते. मिल्क शार्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीची मादी सुमारे वर्षभर गर्भ वाहते आणि एका वेळी बहुधा दोन ते पाच पिल्ले देते. हातोड्यासारख्या डोक्याच्या कानमुशीची मादी वयात येण्यास कित्येक वर्षे लागतात. थोडक्यात, प्रजननाच्या दृष्टीने मुशी ही बांगड्यापेक्षा गाईम्हशीला अधिक जवळची आहे. गाभण गाय आणि तिचे वासरू दोन्ही विकून गोठा भरलेला राहील, अशी अपेक्षा कोणताही शेतकरी करणार नाही. समुद्राच्या बाबतीत मात्र आपण नेमकी तीच अपेक्षा करीत आलो आहोत.

विज्ञान शाखेच्या जुन्या विद्यार्थ्यांना स्कोलिओडॉन हे नाव परिचित असेल. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे विच्छेदनासाठी वापरली गेलेली ही चपट्या नाकाची लहान मुशी आपल्याच किनाऱ्यावर विपुल सापडते. हिचा गर्भ वारेद्वारे मातेशी जोडलेला असतो. ही जात एक-दोन वर्षांत वयात येते व एका वेळी डझनभर पिल्ले देते, म्हणून ती आजवर तग धरून आहे. परंतु ती अपवाद आहे. तिच्या विपुलतेवरून सर्व मुशींची स्थिती चांगली आहे असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल.

क्रौर्याची दोन रूपे

मुशीच्या शोषणाचे सर्वांत निर्घृण रूप म्हणजे तिचे पर कापून घेणे आणि धड पुन्हा समुद्रात फेकणे. पूर्व आशियात परांच्या सारास मोठी किंमत येते. मांसास तितकी येत नाही. म्हणून दूरच्या सागरांतील अनेक नौका जिवंत मुशीचे पर छाटून तिला पाण्यात लोटून देत. पर गमावलेली मुशी पोहू शकत नाही. पुष्कळ जातींना श्वासासाठी सतत पुढे सरकत राहावे लागते, त्यामुळे ती तळाशी जाऊन गुदमरून मरते. जगात दर वर्षी सुमारे दहा कोटी मुशी मारल्या जातात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडला. १९७० नंतरच्या पन्नास वर्षांत खुल्या महासागरातील मुशी व पाकट यांची संख्या ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. याउलट, मुशीने माणसावर आपण होऊन केलेल्या हल्ल्यांत जगभर वर्षाकाठी दगावणाऱ्यांची संख्या सामान्यतः दहाच्या आतच असते.

महाराष्ट्रात मुशीचे मांस खाल्ले जाते, म्हणून येथे ती बहुधा अखंड किनाऱ्यावर येते. या बाबतीत आपल्या मच्छीमारांवर तसल्या क्रौर्याचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. येथील हानीचे रूप निराळे आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधल्या जाणाऱ्या डोल जाळ्याचा शेवटचा भाग, ज्याला खोला म्हणतात, तो अतिशय बारीक आसाचा असतो. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत जाते. मुशीच्या अनेक जाती पिल्ले देण्यासाठी उथळ पाण्यात येतात आणि पिल्ले तेथेच वाढतात. त्यामुळे ती या जाळ्यांत सापडतात. मच्छीमाराच्या मनात ती धरण्याचा हेतूही नसतो. या हानीत कोणाचा दुष्टपणा नाही. परंतु मरणाऱ्या जीवाच्या आणि घटणाऱ्या जातीच्या दृष्टीने परिणाम तोच होतो.

गुजरातचा धडा

जगातील सर्वांत मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क. हा अजस्र प्राणी सूक्ष्म जीव गाळून खातो आणि माणसास कोणताही उपद्रव देत नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याची यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी मोठी शिकार होत असे. लाकडी नौकांना पाणी लागू नये म्हणून हे तेल चोपडले जाई. माइक पांडे यांच्या २००० सालच्या माहितीपटाने या शिकारीकडे देशाचे लक्ष वेधले. मे २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्कचा समावेश झाला. हे संरक्षण लाभलेला तो देशातील पहिला मासा होय.

केवळ कायद्याने काम भागले नाही. २००४ पासून तेथे लोकजागृतीची मोहीम सुरू झाली. कथाकार मोरारी बापू यांनी या माशास माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली. फाटलेल्या जाळ्याची भरपाई वनविभागाकडून मिळू लागली. ज्या हातांनी पूर्वी गळ टाकले, त्याच हातांनी पुढे आपली जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. कायदा, भरपाई आणि भावना यांचा मेळ बसला तर काय घडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

कायदा आणि शासकीय उपाय

डिसेंबर २००१ मध्ये पहिल्या अनुसूचीतील मुशी व पाकट वर्गातील जातींची संख्या दहा निश्चित झाली. त्यांत व्हेल शार्क, गंगेतील मुशी आणि करवत मासे यांचा समावेश होता. २०१३ मध्ये केंद्र शासनाने पर धडास जोडलेले असतानाच मुशी किनाऱ्यावर आणण्याचे धोरण स्वीकारले. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुशीच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली. अधिनियमात २०२२ मध्ये झालेली सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि संरक्षित जातींची यादी अधिक विस्तृत झाली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची हत्या केल्यास तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये एक महत्त्वाचे पाऊल उचलले. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमारास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू झाली. त्यासाठी सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत सादर करावी लागते. २०२३ मध्ये राज्याने ५४ सागरी जातींसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला.

गावपातळीवर काय करता येईल?

कायद्याची यादी दुर्मीळ जातींना आधार देते. रोजच्या टोपलीतील पिल्लांचा निर्णय मात्र गावालाच घ्यावा लागेल. जाळ्यातून वर येईपर्यंत बहुतेक पिल्ले मेलेली असतात. म्हणून ती नंतर सोडण्यापेक्षा ती जाळ्यात न येतील अशी दक्षता घेणे अगत्याचे आहे. ज्या जागी आणि ज्या दिवसांत पिल्ले अधिक मिळतात, त्या वृद्ध व अनुभवी कोळी बांधवांना ठाऊक असतात. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत ही माहिती उतरवून घ्यावी. मच्छीमार सहकारी संस्थेच्या विचाराने त्या जागा त्या काळापुरत्या मोकळ्या ठेवता येतील आणि खोल्याचा आस वाढविता येईल. १ जून ते ३१ जुलै या काळातील मासेमारी बंदीचे काटेकोर पालन हा याच प्रयत्नाचा भाग आहे.

शिक्षकांचे कार्यही मोलाचे आहे. मुशी म्हणजे नरभक्षक राक्षस ही समजूत १९७५ च्या ‘जॉज’ या चित्रपटाने जगभर पसरविली. त्या कथेचे लेखक पीटर बेंचली यांनी पुढे आयुष्याची अनेक वर्षे मुशीच्या रक्षणासाठी वेचली, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. बाळंतिणीस दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देण्याची प्रथा आपल्याकडे आहे. मिल्क शार्क हे नावही या भारतीय समजुतीवरूनच पडले. मोठ्या शिकारी मुशीच्या मांसात पारा साठतो आणि तो गर्भास व अर्भकास अपायकारक असतो, हेही आरोग्य कार्यकर्त्यांच्या साहाय्याने घरोघर पोहोचविणे आवश्यक आहे.

मासळी कमी होते तेव्हा सर्वप्रथम झळ लागते ती टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या कोळीणीला. म्हणूनच मुशीचे रक्षण आणि कोळी कुटुंबाचे हित यांत विरोध नाही. पोटात पिल्ले असलेली मादी आज समुद्रात राहिली, तर काही वर्षांनी तिची संतती खांदेरीच्या पाण्यात फिरत असेल आणि थळच्या पुढच्या पिढीलाही मुशी पुस्तकातील चित्रापुरती उरणार नाही.